रोझेनहान यांचे तोतया रुग्ण : एका प्रसिद्ध प्रयोगाचे पुनःपरीक्षण

चिकित्सा-मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या मनात रोगनिदानाविषयी पहिली खोल शंका ज्या लेखनाने उत्पन्न होते, त्यात डेव्हिड रोझेनहान यांच्या एका निबंधाचे स्थान फार वरचे आहे. 'सायन्स' या अमेरिकन साप्ताहिकाच्या १९ जानेवारी १९७३ च्या अंकात 'ऑन बीइंग सेन इन इन्सेन प्लेसेस' या नावाने तो प्रसिद्ध झाला. 'वेड्यांच्या वस्तीत शहाणे' असा त्या मथळ्याचा भाव मराठीत सांगता येईल. अवघ्या नऊ पृष्ठांच्या या निबंधाने मनोविकारशास्त्राच्या प्रतिष्ठेला जेवढा धक्का दिला, तेवढा मोठमोठ्या ग्रंथांनीही क्वचितच दिला असेल. पन्नास वर्षे उलटून गेली तरी पाठ्यपुस्तकांतून तो सांगितला जातो. आणि पदव्युत्तर वर्गात तो सांगू लागले की मागच्या बाकांवरील चुळबुळ थांबते, असा शिकवणाऱ्यांचा अनुभव आहे. या निबंधाचे पुरावा म्हणून मोल किती, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घ्यावयाचा आहे. 'तुम्हाला हे कशावरून कळले ते दाखवा' ही जी कसोटी रोझेनहान यांनी मनोविकारवैद्यांना लावली, त्याच कसोटीला त्यांचा निबंध उतरत नाही, असे माझे मत झाले आहे. मात्र एवढ्यावरून वैद्य निर्दोष ठरले असे मानणाऱ्यांशीही मी सहमत नाही.

प्रथम मूळ प्रयोग, निबंधात तो जसा वर्णिला आहे तसा, थोडक्यात पाहू. आठ निरोगी व्यक्ती, पाच पुरुष व तीन स्त्रिया, अमेरिकेच्या पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवरील पाच राज्यांतील बारा रुग्णालयांत रुग्ण म्हणून गेल्या. त्यांत मानसशास्त्राचा एक विद्यार्थी, तीन मानसशास्त्रज्ञ, एक बालरोगतज्ज्ञ, एक मनोविकारवैद्य, एक चित्रकार व एक गृहिणी होती. स्वतः रोझेनहान हे या आठांपैकीच एक. आपल्याला काही आवाज ऐकू येतात, ते अस्पष्ट असतात, पण 'रिकामे', 'पोकळ' आणि धप्प असा आवाज सुचविणारा 'थड' हे शब्द त्यांत कळतात, एवढीच तक्रार प्रत्येकाने करावयाची होती. नाव व व्यवसाय खोटा सांगावयाचा. बाकी आयुष्याची हकीकत खरी. वॉर्डात प्रवेश मिळताच सोंग टाकून नेहमीसारखे वागावयाचे. सर्वांना प्रवेश मिळाला. एक अपवाद सोडता सर्वांचे निदान छिन्नमनस्कता असे झाले. त्या एकाचे उन्माद-अवसाद विकृती असे झाले. मुक्काम कमीत कमी सात आणि जास्तीत जास्त बावन्न दिवस पडला, सरासरी एकोणीस दिवसांची आली. कर्मचाऱ्यांपैकी कोणालाही संशय आला नाही. उलट पहिल्या तीन मुक्कामांत प्रवेश-वॉर्डातील ११८ रुग्णांपैकी ३५ जणांनी, हा मनुष्य आजारी नसून बातमीदार किंवा प्राध्यापक असावा, अशी शंका बोलून दाखविली. सर्वांना मिळून सुमारे २१०० गोळ्या देण्यात आल्या. त्यांपैकी दोनच पोटात गेल्या. निघताना छिन्नमनस्कतेचा शिक्का तसाच राहिला. फक्त त्यापुढे 'सध्या उपशमित' असा शेरा पडला.

यावरून निबंधकाराने काढलेला निष्कर्ष असा की, मनोरुग्णालयात शहाणा कोण व वेडा कोण हे ओळखता येत नाही. निदान हे रुग्णात नसून पाहणाऱ्याच्या मनात व परिस्थितीत असते.

या लोकांना मी 'तोतया' म्हणतो. मराठी वाचकाला हा शब्द पेशवाईतील भाऊसाहेबांच्या तोतयामुळे ओळखीचा आहे. पण तेथे सोंग घेणाऱ्याचा अधिकार खोडून काढण्यासाठी त्याला ओळखणारी माणसे हयात होती, जुनी नाती व जुन्या खुणा यांवरून परीक्षा घेता आली. मनोविकारवैद्यापुढे आलेल्या मनुष्याच्या आवाजांना अशी एकही बाहेरची खूण नसते. आवाज फक्त त्यालाच ऐकू येतात. म्हणून वैद्याला रुग्णाच्या शब्दावाचून दुसरा आधार नसतो, आणि या प्रयोगाचे पहिले दौर्बल्य येथेच आहे.

सेमूर केटी यांनी लगेचच एक दृष्टांत दिला होता, तो मार्मिक आहे. एखाद्याने गुपचूप रक्त प्राशन करून रुग्णालयात जाऊन रक्ताची उलटी केली, तर तेथील डॉक्टर जठरव्रणाचे निदान करून उपचार सुरू करतील. तेवढ्यावरून वैद्यकाला जठरव्रण ओळखता येत नाही असे कोणी म्हणणार नाही. डॉक्टर फसला हे खरे. पण त्याचे शास्त्र खोटे ठरले असे नव्हे. फसवण्याच्या हेतूने दिलेल्या लक्षणावर चुकीचे निदान होणे ही गोष्ट निदानपद्धतीच्या सप्रमाणतेबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही.

हाच मुद्दा संख्येच्या भाषेत मांडला तर अधिक स्पष्ट होईल. आवाज ऐकू येतात अशी तक्रार घेऊन एक हजार माणसे रुग्णालयाच्या दारात आली, आणि त्यांत एकच सोंगाडी आहे, असे धरून चालू. वैद्याजवळ सोंग ओळखण्याची अशी एक युक्ती आहे की, शंभरातल्या नव्वद सोंगाड्यांना ती पकडते आणि खऱ्या रुग्णांपैकी शंभरातल्या फक्त पाचांवर खोटा आळ घेते. ही युक्ती चांगलीच म्हणावयाची. तरीदेखील ती वापरणारा वैद्य त्या एका सोंगाड्याला पकडण्यासाठी सुमारे पन्नास खऱ्या रुग्णांना दारातून परत पाठवील. त्यांतील एखाद्याचे आवाज त्याला जीव देण्यास सांगत असतील. पॉल मील व आल्बर्ट रोझेन यांनी १९५५ सालीच, कोणत्याही चाचणीचे मोल ती ज्या लोकसमूहावर वापरावयाची त्यातील मूळ प्रमाणावर अवलंबून असते, हे दाखवून दिले होते. ज्या जगात तोतये जवळजवळ नसतातच, तेथे रुग्णावर विश्वास ठेवणे हाच वैद्याचा शहाणपणा आहे. रोझेनहान यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. निरोग्याला रोगी समजण्याची चूक वैद्य अधिक पत्करतात हे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. पण शरीराच्या रोगात ही सावधगिरी योग्य आणि मनोविकारात घातक, कारण मनोविकाराच्या नावाला कलंक चिकटतो, असे सांगून ते पुढे जातात. हा युक्तिवाद कलंकाविषयी आहे. निदान करता येते की नाही याविषयी नाही. दोन प्रश्न निबंधात सतत एकमेकांत मिसळले जातात, आणि वाचकाला ते कळत नाही, कारण कथा फार वेगाने पुढे सरकते.

रॉबर्ट स्पिट्झर यांनी १९७५ साली 'जर्नल ऑफ अॅबनॉर्मल सायकॉलॉजी'मध्ये जी टीका केली ती या निबंधाची आजवरची सर्वांत कठोर टीका होय. तिच्यातील एक मुद्दा मला निर्णायक वाटतो. 'उपशमित' हा शेरा रोझेनहान यांनी वैद्यांच्या हट्टीपणाचा पुरावा मानला. स्पिट्झर यांनी आपल्या संस्थेच्या नोंदी तपासल्या, इतर रुग्णालयांकडे चौकशी केली, आणि छिन्नमनस्कतेच्या रुग्णांना घरी पाठवताना हा शेरा अत्यंत विरळा लिहिला जातो असे त्यांना आढळले. म्हणजे ज्या वैद्यांना काहीच दिसले नाही असे निबंध सांगतो, त्यांनी या मनुष्यात आता कोणतेही लक्षण उरलेले नाही ही अपूर्व गोष्ट टिपून ठेवली होती. निबंधातीलच माहिती निबंधाच्या विरुद्ध साक्ष देते. शिवाय 'शहाणा' आणि 'वेडा' हे शब्द न्यायालयाचे आहेत, मनोविकारशास्त्राचे नव्हेत. कोणत्याही वैद्याने कोणाचेही 'वेडा' असे निदान केलेले नव्हते. या शब्दांनी मथळा गाजला, पण विचार गढूळ झाला.

तथापि स्पिट्झर यांच्या मागे शेवटपर्यंत जाणेही योग्य नाही. त्यांना निदानपद्धतीचा बचाव करावयाचा होता, आणि निबंधाच्या उत्तरार्धाकडे त्यांनी पाठ फिरविली. माझ्या मते निबंधाचा खरा ठेवा तो उत्तरार्धच आहे. वॉर्डातील परिचारक आपला किती वेळ काचेच्या दालनाबाहेर, रुग्णांमध्ये घालवतात, याचे सरासरी प्रमाण ११.३ टक्के आले. मनोविकारवैद्य, मानसशास्त्रज्ञ व इतर डॉक्टर यांच्याशी रुग्णाचा दिवसातील एकूण संपर्क सरासरी ६.८ मिनिटे. 'मला आवारात फिरण्याची मुभा कधी मिळेल' यांसारखा साधा, सभ्य प्रश्न चार रुग्णालयांत तोतयांनी वैद्यांना विचारला. १३ वैद्यांपुढे मिळून असे १८५ प्रयत्न झाले. त्यांपैकी ७१ टक्के वेळा वैद्य मान वळवून पुढे निघून गेला, आणि थांबून बोलला तो फक्त ४ टक्के वेळा. परिचारिका व परिचारक यांच्याबाबत पुढे निघून जाण्याचे प्रमाण ८८ टक्के होते. एका तोतयाला टिपणे काढताना पाहून परिचारिकेने त्याच्या नोंदीत लेखन हे जणू लक्षण म्हणून दाखल केले. काय लिहितोस, असे मात्र त्याला कोणी विचारले नाही. ज्याने कोणत्याही देशातील मोठ्या सरकारी मनोरुग्णालयाचा वॉर्ड पाहिला आहे, त्याला या चित्रात अतिशयोक्ती वाटणार नाही.

या आकड्यांवरही प्रश्न करता येतात आणि विद्यार्थ्यांनी ते करावेत. तुलनेसाठी विद्यापीठाच्या आवारात प्राध्यापकांना प्रश्न विचारण्यात आले, आणि ते सर्वच्या सर्व थांबून बोलले. पण तेथे चौदा प्राध्यापकांना एकेकदाच गाठले होते. रुग्णालयात १३ वैद्यांना १८५ वेळा, म्हणजे प्रत्येकाला सरासरी चौदा वेळा विचारले गेले, जरी एका दिवशी एकदाच. तोच मनुष्य तेच विचारण्यासाठी चौदाव्या दिवशी आला तर आपल्यातील किती प्राध्यापक थांबतील, हे प्रत्येकाने आपल्याशी ताडून पाहावे. तरीही एवढी सूट देऊन फरक जो उरतो तो मोठा आहे. मात्र तो फरक निदानाविषयी काही सांगत नाही. निदान अचूक असूनही वॉर्ड अमानुष असू शकतो. निदान चुकूनही वॉर्ड दयाळू असू शकतो. निबंधाची दोन अंगे एकमेकांना टेकून उभी आहेत असे भासते, पण त्यांचा सांधा तर्काचा नाही.

दुसऱ्या प्रयोगाविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही. अध्यापन व संशोधन चालणाऱ्या एका रुग्णालयाला, पुढील तीन महिन्यांत तुमच्याकडे तोतये येतील, असे कळविण्यात आले. कर्मचाऱ्यांनी १९३ रुग्णांबाबत मते नोंदविली. ४१ जण तोतये असल्याची किमान एका कर्मचाऱ्याची खात्री झाली. २३ जणांवर किमान एका वैद्याला संशय आला. वैद्य व आणखी एक कर्मचारी अशा दोघांनाही संशय आला असे १९ निघाले. रोझेनहान यांनी कोणालाही पाठविले नव्हते. हा विनोद उत्तम आहे, पण ज्यांना संशय घेण्यासच सांगितले आहे, ज्यांच्या संशयाने कोणालाही घरी पाठवले जाणार नाही, आणि एकेका रुग्णामागे अनेक जण मत देत असून त्यांतील एकाचेही मत पुरते, तेथे ४१ हा आकडा येणे ही गोष्ट सूचनेच्या परिणामाविषयी सांगते. तो परिणाम मॉरिस टेमरलिन यांनी १९६८ साली अधिक काटेकोरपणे दाखविला होता. एका निरोगी मनुष्याच्या मुलाखतीची ध्वनिफीत ऐकवण्यापूर्वी एका प्रतिष्ठित तज्ज्ञाकडून 'हा खरे पाहता मनोविकृत आहे' असे सुचविले, की ऐकणाऱ्या बहुसंख्य मनोविकारवैद्यांनी तसेच निदान केले. सूचना नसलेल्या नियंत्रण-गटांत तसे निदान कोणीच केले नाही. तुलनेचा गट, ठरलेली सामग्री, एकच बदललेली अट, हे सर्व तेथे आहे.

किंबहुना निदानाच्या विश्वसनीयतेवर खरा घाव घालणारे संशोधन १९७३ च्या आधीच उपलब्ध होते. न्यूयॉर्क आणि लंडन येथील रुग्णालयांत छिन्नमनस्कतेचे प्रमाण इतके भिन्न का, हे पाहण्यासाठी अमेरिकन व ब्रिटिश संशोधकांनी संयुक्त प्रकल्प हाती घेतला. त्याचा ग्रंथ १९७२ साली निघाला. ठरावीक प्रश्नांची मुलाखत वापरून प्रकल्पाच्या वैद्यांनी दोन्ही शहरांतील रुग्ण तपासले, तेव्हा रुग्णालयांच्या निदानांत दिसणारा फरक बहुतांशी नाहीसा झाला. केंडेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली चित्रफितीवरील तेच रुग्ण दोन्ही देशांतील वैद्यांना दाखविले. त्यांतील एका तरुणाला अमेरिकन वैद्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश वैद्यांनी छिन्नमनस्क ठरविले. ब्रिटिश वैद्यांपैकी जवळजवळ कोणीही नाही. येथे कोणी सोंग केलेले नाही. रुग्ण खरा आहे, सामग्री एकच आहे, आणि निदान अटलांटिक ओलांडताच बदलते. ज्याला निदानपद्धतीवर शंका घ्यावयाची आहे त्याला याहून सबळ पुरावा कोणता हवा? पण हे संशोधन वर्गात सांगितले तर कोणी लेखणी खाली ठेवून ऐकत नाही. त्यात गुपचूप थुंकलेल्या गोळ्या नाहीत. कथेला जो मान मिळतो तो तक्त्याला मिळत नाही, ही आपल्या शास्त्राची जुनी उणीव आहे, आणि तिच्यात आपण शिकवणारेही वाटेकरी आहोत.

येथवरची टीका निबंध जसा लिहिला गेला तसा तो खरा आहे असे धरून केली. २०१९ साली सुझॅना कॅहालन या पत्रकार लेखिकेचा 'द ग्रेट प्रिटेंडर' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि ते गृहीतही डळमळले. या लेखिकेचे वैर मनोविकारशास्त्राशी किंवा रोझेनहान यांच्याशी आधीपासून असण्याचे कारण नव्हते. २००९ साली तिला स्वतःला मेंदूच्या एका स्वयंप्रतिकारक दाहाने ग्रासले होते आणि आरंभी तो आजार मनोविकार समजला गेला होता. त्यामुळे रोझेनहान यांच्याविषयी आदर बाळगूनच ती शोधाला लागली. रोझेनहान २०१२ साली वारले होते. त्यांची कागदपत्रे तिला पाहावयास मिळाली.

फेब्रुवारी १९६९ मध्ये पेनसिल्व्हेनियातील हॅव्हरफोर्ड येथील सरकारी मनोरुग्णालयात रोझेनहान 'डेव्हिड लूरी' या नावाने दाखल झाले होते. त्या मुक्कामाची नोंद कॅहालन यांना मिळाली. निबंध सांगतो की तक्रार केवळ तीन शब्दांच्या आवाजांची होती. नोंद सांगते की या रुग्णाने आवाज काही महिन्यांपासून येत असल्याचे सांगितले. आवाज बुजवण्यासाठी कानांवर तांब्याचे भांडे धरल्याचे सांगितले. रेडिओच्या लहरी आपल्याला जाणवतात, इतरांच्या मनातले ऐकू येते, असे सांगितले. आणि आत्महत्येचे विचार येत असल्याचेही सांगितले. अशा मनुष्याला दाखल करून न घेणारा वैद्यच दोषी ठरला असता. प्रवेशाच्या वेळी वैद्यापुढे काय ठेवले गेले हा तर प्रयोगाचा एकमेव 'उद्दीपक'. आणि नेमका तोच निबंधात बदलून लिहिला आहे. मानसमापनात कोणी चाचणीतील प्रश्न एक वापरून अहवालात दुसरा छापला तर त्या अहवालाचे आपण काय करू?

नवव्या तोतयाची हकीकत तर याहून बोलकी आहे. निबंधाच्या एका तळटीपेत रोझेनहान सांगतात की, नवव्या तोतयाची माहिती वगळली आहे, कारण त्याने आपल्या वैवाहिक स्थितीसारख्या वैयक्तिक बाबी खोट्या सांगितल्या. हा नववा मनुष्य म्हणजे हॅरी लँडो. त्यांनी १९७६ साली 'प्रोफेशनल सायकॉलॉजी' या नियतकालिकात आपला अनुभव छोटेखानी लेखात दिला होता, पण त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. निदान त्यांचेही चुकले. परंतु सॅन फ्रान्सिस्कोतील त्यांच्या रुग्णालयात कर्मचारी आस्थेने वागत होते, वातावरण रुग्णाला धीर देणारे होते, असा त्यांचा अनुभव होता. म्हणजे जो एक साक्षीदार वॉर्डाबद्दल चांगले बोलत होता, तोच गाळला गेला. आणि ज्या कारणाने गाळला त्याहून मोठी असत्ये स्वतः प्रयोगकर्त्याच्या नोंदीत आहेत. नकारात्मक निरीक्षण वगळणे हा संशोधनातील सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी पकडला जाणारा दोष आहे. त्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

लँडो यांच्याखेरीज कॅहालन यांना आणखी एकच तोतया सापडला. उरलेल्या सहांचा अनेक वर्षांच्या शोधानंतरही माग लागला नाही. ते कधी अस्तित्वातच नव्हते काय, हा प्रश्न त्या उपस्थित करतात आणि उघडा ठेवतात. इतिहासकार अँड्र्यू स्कल यांनी मात्र २०२३ सालच्या आपल्या लेखात ही उघड वैज्ञानिक फसवणूक होय असा निर्वाळा दिला. येथे मी स्कल यांच्याइतका पुढे जाणार नाही. सहा माणसे सापडली नाहीत म्हणून ती नव्हती हे सिद्ध होत नाही; तसे मानणे म्हणजे अपुऱ्या लक्षणांवर निदान करण्याची जी सवय रोझेनहान यांनी वैद्यांच्या माथी मारली तिचाच अवलंब होय. पण पुरावा नाकारण्यासाठी फसवणूक सिद्ध करण्याची गरज नसते. एका मुक्कामाची नोंद निबंधाशी जुळत नाही, एक मुक्काम गाळला आहे, बाकीचे तपासता येत नाहीत, एवढ्यावर तो निबंध पुरावा म्हणून बाजूला ठेवावा लागतो.

तपासता का येत नाहीत, या प्रश्नापाशी नीतीचा विचार करावा लागतो. स्पिट्झर यांनी माहिती मागितली होती. रुग्णालयांची नावे उघड करण्यास रोझेनहान यांनी नकार दिला. कोणत्याही एका संस्थेला वा व्यक्तीला दोषी ठरवावयाचे नव्हते, असे कारण त्यांनी दिले. हे कारण वरवर पाहता थोर आहे. सहभागी व्यक्तींची ओळख राखणे हे आपल्या व्यवसायाचे कर्तव्यच मानले जाते. परंतु गोपनीयता ही ज्याच्यावर प्रयोग झाला त्याच्या रक्षणासाठी असते. प्रयोग करणाऱ्याच्या विधानांना तपासणीपासून वाचवण्यासाठी नसते. नावे झाकून मूळ नोंदी एखाद्या तटस्थ व्यक्तीपुढे ठेवणे त्या काळीही अशक्य नव्हते. शिवाय वॉर्डातील कर्मचारी हे या प्रयोगातील खरे प्रयुक्त होते, आणि त्यांची संमती घेतली गेली नव्हती. निबंधाच्या म्हणण्याप्रमाणे फक्त पहिल्या मुक्कामाची, म्हणजे स्वतः रोझेनहान यांच्या मुक्कामाची, कल्पना रुग्णालयाच्या प्रशासकाला व मुख्य मानसशास्त्रज्ञाला होती. जेथे खाटा आणि वैद्यांची मिनिटे दोन्ही अपुरी, तेथे निरोगी माणसांनी त्या किती अडविल्या याचा हिशेब निबंधात नाही. आणि शिकाऊ विद्यार्थ्याला आपल्या प्राध्यापकाच्या सांगण्यावरून बंद वॉर्डात जाणे कितपत नाकारता येते, हा प्रश्नही कोठे विचारलेला नाही. नेली ब्लाय या वार्ताहर तरुणीने १८८७ साली न्यूयॉर्कच्या ब्लॅकवेल बेटावरील वेड्यांच्या रुग्णालयात वेडाचे सोंग घेऊन दहा दिवस काढले होते. तिनेही फसवले, परंतु आपण कोठे गेलो आणि काय पाहिले हे तिने संस्थेच्या नावासकट छापले, आणि त्या छापील शब्दांची चौकशी करणे इतरांना शक्य झाले. वृत्तपत्राच्या बातमीदाराने पाळलेली ही शिस्त शास्त्रज्ञाने पाळली नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

निबंधाचा परिणाम मात्र खोटा नव्हता. स्पिट्झर १९७४ साली अमेरिकन मनोविकारवैद्य संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या नव्या आवृत्तीचे प्रमुख झाले. १९८० साली निघालेल्या या तिसऱ्या आवृत्तीत, म्हणजे जिला आपण डी. एस. एम. तीन म्हणतो तिच्यात, प्रत्येक विकृतीसाठी लक्षणांच्या निश्चित अटी दिल्या गेल्या. याचे सर्व श्रेय रोझेनहान यांना देण्याची प्रथा आहे, ती बरोबर नाही. सेंट लुईस येथील वैद्यांनी अशा अटी १९७२ सालीच प्रसिद्ध केल्या होत्या. पण लोकमताचा रेटा या निबंधाने वाढवला यात संशय नाही. अटी निश्चित केल्याने दोन वैद्यांचे एकमत वाढेल अशी आशा होती, आणि ती अंशतः सफल झाली. अंशतःच म्हणतो, कारण पाचव्या आवृत्तीसाठी झालेल्या प्रत्यक्ष चाचण्यांचे निकाल २०१३ साली प्रसिद्ध झाले तेव्हा छिन्नमनस्कतेसाठी कप्पा गुणांक ०.४६, तर प्रौढांतील प्रमुख अवसादासाठी अवघा ०.२८ आला. चिकित्सालयात नित्य भेटणाऱ्या विकाराबाबत एकमताची ही स्थिती आहे. शिवाय एकमत म्हणजे सत्य नव्हे. दोन वैद्य एकाच अटींची यादी घेऊन एकाच चुकीवर एकमत होऊ शकतात. हॅव्हरफोर्डच्या रुग्णाला तिसऱ्या आवृत्तीच्या अटींवर तपासले असते तर काही महिन्यांचे आवाज, इतरांच्या मनातले ऐकू येणे, आत्महत्येचे विचार, हे सर्व ऐकून शंभर वैद्य कदाचित तेच निदान करते, आणि शंभरही फसले असते.

आपल्याकडे या निबंधाचा उल्लेख बहुधा 'शिक्का' या मुद्द्यासाठी होतो, आणि तो मुद्दा निबंधाबरोबर बुडावा असे मला वाटत नाही. तो त्याच्यावर अवलंबूनच नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या तिसऱ्या कलमात असे स्पष्ट म्हटले आहे की, पूर्वी मनोरुग्णालयात उपचार घेतले किंवा राहणे झाले, ही बाब विचारात घेण्याजोगी असली तरी तेवढ्यावरून आज किंवा पुढे कोणाला मानसिक आजार असल्याचे ठरवता येणार नाही. जुन्या कागदावरचा शिक्का वाचून नव्या मनुष्याकडे पाहू नये, हे वर्गात सांगावयाचे असेल तर हे कलम आणि एक खरी केस-हिस्टरी पुरेशी आहे. आमचे विद्यार्थी प्रशिक्षणात ज्या केस-हिस्टऱ्या लिहितात त्यांत 'रुग्ण म्हणतो' आणि 'परीक्षकास आढळले' हे दोन रकाने वेगळे ठेवण्याचा आग्रह आपण धरतो. पुष्कळदा तो आग्रह त्यांना कारकुनी वाटतो. हॅव्हरफोर्डची नोंद आज आपल्याला काही सांगू शकते ती याच कारकुनीमुळे. तेथील वैद्याने रुग्ण काय म्हणाला हे रुग्णाच्या तोंडी ठेवून लिहिले होते, म्हणून पन्नास वर्षांनी निबंधाशी ते ताडून पाहता आले. या साऱ्या प्रकरणात फसलेल्या वैद्याची नोंद विश्वसनीय निघाली आणि फसवणाऱ्या संशोधकाचा अहवाल नाही.

तोंडी परीक्षेत विचारले असता 'थड' हा शब्द प्रत्येकाला आठवतो, ६.८ मिनिटे हा आकडा शंभरात एखाद्याला. नवव्या तोतयाची तळटीप कोणालाच नाही. लँडो यांचा १९७६ सालचा लेख आजवर आमच्या वाचन-यादीत नव्हता. चालू सत्रापासून तो मूळ निबंधाच्या शेजारी ठेवला आहे, आणि दोन्ही एकाच बैठकीत वाचावेत अशी सूचना त्यावर लिहिली आहे.